घरात पडून राहिलेल्या नाण्यांतून सरकारला खरोखर नफा होतो का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. नाणी जमवणाऱ्यांच्या छंदातून सरकारला आयता नफा मिळतो, असे विधान अलीकडे माझ्या वाचनात आले. त्याच्या अगदी उलट, नाणे पाडायला दर्शनी किमतीहून जास्त खर्च येत असल्यामुळे सरकारला तोटाच सोसावा लागतो, असेही मी वाचले आहे. दोन्ही विधाने ठामपणे केलेली आहेत आणि दोन्हींच्या मागे हिशेब असल्याचे सांगितले जाते. मला हा हिशेब मुळापासून समजून घ्यायचा आहे. या गटावर बँकेत आयुष्य घालवलेली, सराफीतली आणि अर्थशास्त्र शिकवणारी मंडळी आहेत, म्हणून येथेच विचारते.

प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आमच्याकडे आजीच्या वेळचे चांदीचे रुपये आहेत, त्यांत काही राणीछाप, काही राजाछाप आणि काही १९४४-४५ सालचे आहेत. वडिलांनी व्यवहारातून वेगळी काढून ठेवलेली नाणी आहेत. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे अकराकोनी नाणे आणि २००६ चे महात्मा बसवेश्वरांचे पाच रुपयांचे नाणे ही दोन्ही त्यांनी आवर्जून एकाच डबीत ठेवली होती. आपल्या भागातील कित्येक घरांत ती अशीच शेजारी शेजारी सापडतील. टांकसाळीकडून विकत घेतलेला रवींद्रनाथ टागोरांच्या १५० व्या जयंतीचा पेटीबंद संचही आहे. शिवाय जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्यांनी आणि चार आण्यांनी भरलेला एक मोठा डबा आहे. भंगार घेणाऱ्या एका माणसाने त्या जाड पाचच्या नाण्यांना दर्शनी किमतीपेक्षा जास्त रक्कम देऊ केली, तेव्हापासून मनात प्रश्न आहे की नाण्याची खरी किंमत नेमकी कशात असते, आणि आम्ही ती घरात ठेवल्याने कोणाचा लाभ होतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

टिळकवाडीचा निवृत्त बँकवाला

ताई, प्रश्न फार चांगला मांडला आहे. उत्तर थोडे लांबेल, पण घाईत दिले तर गोंधळ वाढतो.

नोट आणि नाणे या दोन वेगळ्या संस्थांच्या वस्तू आहेत, येथून सुरुवात करावी लागते. एक रुपयाची नोट सोडली तर नोटा रिझर्व्ह बँक काढते, तर नाणे भारत सरकार काढते. नाणे अधिनियम, २०११ नुसार नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळी ती पाडतात आणि रिझर्व्ह बँक ती केवळ वितरणासाठी ताब्यात घेते. ताब्यात घेताना ती सरकारच्या खात्यात नाण्यांची पूर्ण दर्शनी किंमत जमा करते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात चलनातील नोटा देणे म्हणून दिसतात, तर तिच्याकडे शिल्लक असलेली रुपयाची नाणी मालमत्तेच्या बाजूला दिसतात. बँकेत लागलेल्या नव्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगताना मला नेहमी वेळ लागत असे, कारण खिशातली नोट आणि नाणे आपण एकाच नजरेने पाहतो.

आता दर्शनी किमतीतून नाणे पाडण्याचा खर्च वजा केला की जे उरते तो सरकारचा नफा. केंद्राच्या हिशेबात करेतर महसुलाखाली चलन, नाणी आणि टांकसाळ यांचे स्वतंत्र शीर्ष असते. हा नफा प्रत्येक नाण्यावर सारखा नसतो. माहिती अधिकाराखाली विचारलेल्या प्रश्नाला २०१८ मध्ये टांकसाळीने दिलेल्या उत्तराप्रमाणे एक रुपयाच्या नाण्याला १ रुपया ११ पैसे, दोन रुपयांच्या नाण्याला १ रुपया २८ पैसे, पाच रुपयांच्या नाण्याला ३ रुपये ६९ पैसे आणि दहा रुपयांच्या नाण्याला ५ रुपये ५४ पैसे खर्च येत होता. म्हणजे दहाच्या नाण्यावर सरकारकडे ४ रुपये ४६ पैसे उरत होते आणि एकाच्या नाण्यावर ११ पैसे पदरचे जात होते. आपण वाचलेली दोन्ही विधाने खरी ठरतात ती येथे. एक जण दहाच्या नाण्याबद्दल बोलतो आहे आणि दुसरा रुपयाच्या.

परंतु संग्राहकाचा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. नाणे हे सरकारने काढलेले बिनव्याजी देणे आहे. ते बाजारात फिरत राहिले, तर कधी ना कधी झिजून किंवा नको म्हणून बँकेमार्फत परत येते आणि तेव्हा सरकारला दर्शनी किंमत परत करून हाती धातूचा तुकडा घ्यावा लागतो. संग्राहकाने उचलून ठेवलेले नाणे परत येत नाही. दहा रुपये सरकारला मिळाले, त्यावर व्याज द्यायचे नाही, आणि मुद्दलही बहुधा कोणी मागणार नाही. सरकारला कर्जावर सात टक्के व्याज पडते असे केवळ हिशेबापुरते धरले, तर दहाच्या एका नाण्यामागे वर्षाला सत्तर पैसे वाचतात, आणि हे नाणे घरात जितकी वर्षे राहील तितकी वर्षे वाचत राहतात. एका नाण्याचे हे काहीच नाही, पण देशभरातील डबे, देवघरे आणि अल्बम एकत्र धरले तर ही रक्कम मोठी होते.

रुपयाच्या नाण्याबाबत मात्र सावकाश विचार करावा लागतो. लोकांनी रुपयाची नाणी घरात अडकवून ठेवली, तर बाजारात सुट्ट्या पैशांची टंचाई होते आणि ती भरून काढायला सरकारला नवी नाणी पाडावी लागतात, ज्यातील प्रत्येक नाण्यावर पुन्हा तोटाच येतो. आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला रुपया एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि बराच काळ तेथेच राहतो, हे आपण सगळेच पाहतो. तरीही हे नाणे परत न येणे सरकारला परवडते, कारण ते परत आले तर रुपया मोजून द्यायचा आणि बदल्यात जेमतेम काही पैशांचे स्टील मिळवायचे, अशी स्थिती आहे. तोटा ११ पैशांवर थांबतो, एवढाच याचा अर्थ. रुपयाच्या नाण्याकडे नफ्याच्या नजरेने पाहणेच मला योग्य वाटत नाही. ती व्यवहार सुरळीत चालावा म्हणून दिलेली सोय आहे, आणि एक नाणे वीस-पंचवीस वर्षांत किती हातांतून जाते याचा विचार केला तर ११ पैसे हा खर्च अत्यंत माफक आहे.

आपल्या वडिलांनी ठेवलेली शिवाजी महाराजांची आणि बसवेश्वरांची नाणी या हिशेबात नेमकी बसतात. ती चलनासाठीच पाडलेली होती आणि दर्शनी किमतीलाच हातात आली. मागची बाजू वेगळी असली की लोक ती खर्च न करता ठेवून देतात, हे सरकारांना चांगले ठाऊक असते. यात फसवणूक अजिबात नाही. ठेवणाऱ्याला आपल्या आदराची वस्तू मिळाली, सरकारला न फेडावे लागणारे देणे मिळाले, आणि ते नाणे उद्याही पाच रुपयांना चालते.

टागोरांचा संच ही वेगळी गोष्ट आहे. ते १५० रुपयांचे नाणे बाजारात फिरण्यासाठी नव्हतेच. टांकसाळ अशी नाणी आगाऊ मागणी घेऊन, पेटीसह, दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त किमतीला विकते. त्या व्यवहारात चांदी, कारागिरी, पेटी आणि मर्यादित संख्येत मिळण्याचे आकर्षण, या सर्वांची मिळून किंमत आपण देतो. टांकसाळी २००६ पासून ज्या महामंडळाकडे आहेत ते पूर्णपणे सरकारी मालकीचे आहे, त्यामुळे यातला नफाही अखेर सरकारकडेच जातो, पण तो दुकानदाराचा नफा आहे. चलन काढण्याच्या अधिकारातून येणाऱ्या नफ्यात त्याची गणना करू नये.

सराफकट्टा (शहापूर)

बँकवाले काकांनी हिशेब उत्तम मांडला आहे. धातूच्या किमतीबद्दल मी लिहितो, कारण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या पेढीवर हेच काम चालते आणि सीमाभागातील कोणत्या गावातून कोणत्या प्रकारचे रुपये मोडीला येतात हे मी जवळून पाहतो.

आजीच्या रुपयांचे साल आधी पाहा. १९३९ पर्यंतचा राणीछाप किंवा राजाछाप रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा असून त्यात ९१.७ टक्के चांदी असते. पूर्वी तराजूत वजन म्हणूनही हाच रुपया टाकत असत. त्यातील शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम भरते. १९४० पासूनच्या रुपयाचे वजन तेच राहिले, पण चांदी निम्म्यावर आली, म्हणजे ५.८३ ग्रॅम. चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून केवळ सोयीसाठी किलोला एक लाख रुपये धरतो. आपण त्या जागी आजचा भाव घालावा. या भावाने जुन्या रुपयात १०६९ रुपयांची आणि १९४४-४५ च्या रुपयात ५८३ रुपयांची चांदी आहे. दिसायला दोन्ही सारखेच रुपये, पण एकात जवळजवळ दुप्पट चांदी. घराच्या वाटण्या होताना रुपये नगावर मोजून वाटले जातात आणि कोणाकडे राणीछाप, कोणाकडे शेवटच्या काळातले जातात. असे करू नये, सालाप्रमाणे वेगळे करून वाटावे, असे मी प्रत्येकाला सांगतो.

टागोरांचे १५० रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे आहे आणि त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त असते. नव्या संसद भवनानिमित्त २०२३ मध्ये निघालेले ७५ रुपयांचे नाणेही याच मिश्रणाचे आणि याच वजनाचे आहे. दोन्हींत साडेसतरा ग्रॅम चांदी, म्हणजे वरच्या भावाने १७५० रुपयांची. दर्शनी किंमत एकाची दुसऱ्याच्या दुप्पट असूनही धातू सारखाच, यावरून अशा नाण्यांवरचा आकडा निव्वळ प्रसंगाला साजेसा निवडलेला असतो हे स्पष्ट होते. उलट १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्याचे वजन १५ ग्रॅम आणि चांदी ८० टक्के आहे, म्हणजे १२ ग्रॅम. ते सरळ नोटेप्रमाणे दहाला मिळालेले नाणे होते. ज्यांनी ते खर्च न करता ठेवले त्यांच्या ठेवीला चांदीने साथ दिली.

तपासणीबद्दल एक गोष्ट सविस्तर लिहितो, कारण खोटे चांदीचे रुपये बाजारात पुष्कळ फिरतात. आम्ही नाणे प्रथम वजन काट्यावर ठेवतो. हातोहात झिजलेला रुपया ११.६६ पेक्षा थोडा कमी भरला तर ते स्वाभाविक आहे, पण कोरा दिसणारा रुपया दहा-साडेदहा ग्रॅम भरला तर मनात शंका यायलाच हवी. त्यानंतर कड पाहतो. कडेच्या बारीक दात्यांची रांग तुटक असेल किंवा मध्येच जोड दिसत असेल तर ते ओतीव नाणे आहे. शेवटी कसोटीच्या दगडावर कडेचा अगदी हलका कस घेऊन त्यावर तेजाबाचा थेंब टाकतो आणि त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब मिसळतो. चांदी असेल तर दह्यासारखा पांढरा साका धरतो आणि त्याच्या दाटपणावरून सरावलेल्या माणसाला टंचाचा, म्हणजे शुद्धतेचा, अंदाज येतो. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नावालाही नसते, त्यामुळे तेथे साका धरत नाही. हे घरी करू नये, तेजाबाने हात भाजतो. आणि नाणे संग्रहाच्या किमतीचे असेल तर त्यावर कसदेखील घेऊ नये, कारण एका ओरखड्याने त्याची किंमत खाली येते.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. मोडीच्या भावापेक्षा संग्रहाचा भाव कितीतरी जास्त असणारी नाणी आपल्याकडच्या पेट्यांत निघतात. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाल्याने सरकारने ते नाणे मागे घेतले आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारले. त्यामुळे १९११ चा रुपया संग्राहक शोधत असतात. १९३९ चा रुपया त्याहून दुर्मिळ आहे. आमच्या जिल्ह्यातील गोकाकच्या नावाने निघणारे ‘आझमनगर गोकाक’ टांकसाळीचे जुने रुपये आणि खानापूरच्या वाटेने गोव्याहून आलेले पोर्तुगीज अमदानीतले रुपयेही अधूनमधून मोडीत येतात. हे पोर्तुगीज रुपये वजनाने आणि टंचाने इंग्रजी रुपयाबरोबरच असतात, म्हणून आटणीत ते चांदीच्या भावाने जातात आणि एक दुर्मिळ वस्तू कायमची नाहीशी होते. याचे मला मनापासून वाईट वाटते. साल आणि छाप न पाहता कृपया कोणीही रुपये मोडीत काढू नयेत.

निपाणीची वाचक

वरच्या दोन्ही उत्तरांना माझी थोडी जोड आहे. वैष्णोदेवीचे पाच किंवा दहा रुपयांचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती आपल्या भागातील लोकांच्या भ्रमणध्वनीवर सतत येतात आणि आधी नोंदणी शुल्क किंवा कर म्हणून काही रक्कम मागतात. त्यात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जाते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि तिने कोणालाही असे शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही. वैष्णोदेवीची ती नाणी २०१२ ची असून भरपूर पाडलेली आहेत.

दुसरे म्हणजे, दहा रुपयांचे नाणे येथील बरेच दुकानदार अजूनही घ्यायला नाखूश असतात. रुपयाचे चिन्ह नसलेले खोटे, दहा रेघांचे खरे, असे समज पसरलेले आहेत. वास्तविक जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार निघाले असून सर्व वैध आहेत, असे जाहीर केले होते. लोक घेत नाहीत म्हणून ही नाणी बँकेत परत जातात. बँकवाल्या काकांनी सांगितलेला ४ रुपये ४६ पैशांचा नफा मग कागदावरच राहत असेल ना?

टिळकवाडीचा निवृत्त बँकवाला

होय, अगदी बरोबर. नाणे लोकांच्या हातात राहिले तरच तो नफा टिकतो. तिजोरीत पडलेल्या पोत्यांवर सांभाळण्याचा आणि वाहतुकीचा खर्च तेवढा वाढतो.

चिकोडीकर (अर्थशास्त्र)

चर्चा वाचून राहवले नाही. नाण्यातील धातू आणि त्यावरचा आकडा यांच्यातील अंतरावर सरकारने नफा मिळवण्याचा आपल्या देशातील सर्वांत मोठा प्रयोग आजीच्या त्या रुपयांवरच झालेला आहे, आणि तो येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

१८९३ पूर्वी कोणालाही चांदी घेऊन टांकसाळीत जाता येत असे आणि सुमारे दोन टक्के आकार देऊन तिचे रुपये पाडून घेता येत असत. त्यामुळे रुपयाची किंमत त्यातील चांदीच्या किमतीपासून फार दूर जाऊ शकत नसे. जगात चांदीचा भाव कोसळू लागला तसा रुपयाही पौंडाच्या तुलनेत घसरत गेला, आणि लंडनला दरवर्षी पौंडांत रक्कम पाठवावी लागणाऱ्या सरकारची ओढाताण होऊ लागली. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून जून १८९३ मध्ये टांकसाळी खासगी चांदीला बंद करण्यात आल्या. रुपये पाडण्याचा अधिकार फक्त सरकारकडे राहिला, रुपया एक शिलिंग चार पेन्सवर स्थिर झाला आणि त्यातील चांदी मात्र त्याहून स्वस्त राहिली. सरकारने १९०० पासून पुन्हा मोठ्या प्रमाणावर रुपये पाडायला घेतले तेव्हा प्रत्येक रुपयामागे होणारा नफा सुवर्ण परिमाण निधीत जमा होऊ लागला, आणि हा निधी प्रामुख्याने लंडनमध्ये ठेवला जात असे. येथे शेतकऱ्याच्या घरात तोडे, वाळे, गोठ यांच्या रूपाने जी चांदी होती, तिचे पूर्वीप्रमाणे रुपये करून घेण्याची वाट बंद झाली. घरातल्या चांदीचे मोल उतरले, आणि सरकारचा छाप असलेल्या चांदीचे चढले. नाण्यावरील सरकारी नफ्याची किंमत कोण देतो, या प्रश्नाचे इतके लखलखीत उत्तर मला अन्यत्र आढळलेले नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात चक्र उलटे फिरले. चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्सच्या वर गेला की रुपयातील चांदी त्याच्या दर्शनी किमतीहून महाग ठरत असे, आणि १९१७ पासून नेमके तेच झाले. लोक रुपये साठवू आणि आटवू लागले. सरकारने नाणी चलनाशिवाय अन्य कामासाठी वापरण्यास बंदी घातली, त्याच वर्षी एक रुपयाची नोट काढली, लहान नाण्यांतील चांदी काढून तेथे तांबे-निकेल आणले, आणि अखेर १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायद्याखाली आपले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी भारताला विकली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा अमेरिकेकडून सुमारे २२.६ कोटी औंस चांदी उसनी घ्यावी लागली. सराफकट्टा यांनी सांगितलेली १९४० ची निम्मी चांदी आणि १९४७ चा निकेलचा रुपया हे या ओढगस्तीचेच टप्पे आहेत. उसनी चांदी परत करण्यासाठी निम्म्या चांदीचे रुपये मागे घेऊन त्यांतून चांदी काढण्यात आली.

संग्राहकांपासून मिळणाऱ्या नफ्याचे आधुनिक उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथील टांकसाळीने १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची पन्नास वेगवेगळी पाव डॉलरची नाणी क्रमाक्रमाने काढली. चलनातलीच नाणी, दर्शनी किमतीलाच मिळणारी, पण प्रत्येक घरात मुलांनी पुठ्ठ्याच्या नकाशात एकेक राज्य भरायला घेतले. पाव डॉलरचे नाणे पाडायला त्याच्या किमतीचा लहानसा भागच खर्च होतो, आणि जे नकाशात गेले ते परत आले नाही. यातून त्या सरकारला अब्जावधी डॉलर मिळाले. दुसरीकडे त्याच टांकसाळीचे एक सेंटचे नाणे २००६ पासून तोट्यात होते. २०२४ च्या आर्थिक वर्षात एका सेंटला ३.६९ सेंट खर्च आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी ते पाडणे बंद झाले. तेथे १९८२ पूर्वीच्या सेंटमध्ये ९५ टक्के तांबे असे. ते वितळवले जाऊ नये म्हणून २००६ च्या अखेरीस बंदी घालावी लागली. म्हणजे संग्राहकाने ठेवलेले नाणे सरकारला हवे असते आणि भंगारवाल्याने उचललेले नको असते, ही स्थिती तेथे आणि येथे सारखीच आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके स्पष्ट विवेचन मिळेल असे वाटले नव्हते. रुपये सालाप्रमाणे वेगळे करून ठेवते आणि १९११ चा त्यात आहे का ते पाहते.

आता दोन गोष्टी राहिल्या. जाड पाचच्या नाण्याला भंगारवाला जास्त पैसे का देतो, आणि त्याला ती विकणे कायद्याने योग्य आहे का? आणि चार आण्यांचे काय करावे? ती सरकारच्या वहीत अजून देणे म्हणून आहेत का?

टिळकवाडीचा निवृत्त बँकवाला

ताई, जाड पाचचे नाणे ९ ग्रॅमचे असून त्यात ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल आहे, म्हणजे पावणेसात ग्रॅम तांबे आणि सव्वादोन ग्रॅम निकेल. तांबे किलोला ८५० आणि निकेल १४०० रुपये असे ढोबळ भाव धरले तर एका नाण्यात जवळजवळ ८ रुपये ९० पैशांचा धातू आहे. पाच रुपयांच्या नाण्यात नऊ रुपयांचा धातू असेल तर ते बाजारात टिकत नाही. ही नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती बनवली जात असल्याच्या बातम्या अनेकदा आल्या होत्या. २००७ मध्ये पाचचे नाणे ६ ग्रॅमच्या स्टीलचे झाले आणि पुढे निकेल-पितळेचे. त्याआधी एक आणि दोन रुपयांची नाणीही याच क्रमाने स्टीलवर गेली. धातूचा भाव दर्शनी किमतीला गाठू लागला की मिश्रण बदलायचे, हा प्रत्येक सरकारचा उपाय असतो.

विकणे मात्र योग्य नाही. नाणे अधिनियम, २०११ नुसार चलनातील नाणे वितळवणे, नष्ट करणे किंवा चलनाशिवाय अन्य कामासाठी वापरणे हा गुन्हा असून सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. स्मारक नाणीही या व्याख्येत येतात, तेव्हा टागोरांचे नाणेसुद्धा चांदीसाठी आटवता येणार नाही. संग्राहकाला ते संग्रहासाठी विकणे ही वेगळी गोष्ट आहे. भंगारवाला नाणी कशासाठी नेतो हे आपल्याला कळते आहे, त्यामुळे नकळत झाले असे म्हणायलाही जागा उरत नाही.

चार आणे आणि त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून काढलेली आहेत. त्याआधी ती बँकेत बदलून मिळत होती. मुदत संपली त्या दिवशी लोकांच्या डब्यांत जेवढी राहिली तेवढे देणे सरकारच्या डोक्यावरून उतरले, म्हणजे त्या नाण्यांचा नफा कायमचा झाला. आज त्यांची दर्शनी किंमत शून्य आहे. संग्राहकाच्या दृष्टीने साल, टांकसाळीची खूण आणि नाण्याची अवस्था पाहून एखाद्या नाण्याला किंमत येऊ शकते. सालाखालचा तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, चौकोनी हिरा मुंबईचा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. तेव्हा डबा ओतून एकदा सगळी नाणी भिंगाखाली पाहावीत, आणि ती घासून-पुसून चकचकीत करू नयेत.

पाचची जी नाणी ठेवायची नसतील ती शंभर-शंभरच्या पिशव्या करून बँकेत भरावीत. दुकानात एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतचीच नाणी घेण्याची समोरच्यावर कायद्याने सक्ती आहे, परंतु खात्यात भरताना अशी मर्यादा नाही. शाखेत गर्दी नसलेली वेळ आधी विचारून गेलात तर मोजणीला सोयीचे होईल.